वाफेच्या गाडीने घूम, पायी तुमलिंग : पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

सह्याद्रीत दोन-चार किल्ले केलेत, हिमालयात अजून पाऊल टाकलेलं नाही आणि सलग दहा दिवस रजा मिळणार नाही, अशांसाठी दार्जिलिंगजवळची सिंगालीला डोंगररांग ही फार चांगली सुरुवात आहे. शनिवार-रविवार दोन दिवसांची चाल, सोबत स्थानिक गाईड, रात्री लॉजमध्ये गरम जेवण आणि अंगावर रजई. तंबू वाहायचा नाही, चूल पेटवायची नाही. चालीच्या आदल्या दिवशी दार्जिलिंग ते घूम खऱ्याखुऱ्या कोळशाच्या इंजिनामागे बसून जायचं. येण्याजाण्याचा एकेक दिवस धरला तर गुरुवारी निघून सोमवारी परत येता येतं.

क्रम मात्र असाच ठेवा : आधी गाडी, मग चाल. बरेच जण गाडी शेवटी ठेवतात आणि तिथेच चुकतात. दार्जिलिंग साधारण २,०५० मीटरवर आहे, घूम स्टेशन २,२५८ मीटरवर आणि चालीचा मुक्काम तुमलिंग २,९०० मीटरच्या पुढे. मुंबई-पुण्याहून विमानाने येऊन दुसऱ्याच दिवशी तुमलिंग गाठलं तर डोकं धरण्याची शक्यता बरीच वाढते. गुरुवार-शुक्रवारच्या दोन रात्री दार्जिलिंगला काढल्या, मधला दिवस गाडीत आणि रमतगमत गेला, की शरीराला विरळ हवेची थोडी सवय होते. दुसरं कारण साधं आहे. चालीहून परतायला उशीर झाला तरी गाडी चुकण्याची धास्ती राहत नाही.

कधी जायचं

ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा आणि नोव्हेंबर. हवा स्वच्छ असते आणि कांचनजंगा दिसण्याची शक्यता सर्वात जास्त असते. मार्चअखेर ते एप्रिल हा गुरासचा, म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉनचा हंगाम. तेव्हा रान लाल-गुलाबी होतं, पण दुपारनंतर ढग येतात आणि शिखरं झाकली जातात. फुलं हवीत की शिखरं, हे आधी ठरवा. दोन्ही मिळाली तर नशीब. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा शून्याखाली जातो, पहिल्या खेपेला तो काळ नको. १६ जून ते १५ सप्टेंबर सिंगालीला राष्ट्रीय उद्यान बंद असतं. सप्टेंबरअखेरीस उघडल्या उघडल्या गेलात तर वाटेवर जळवा भेटतील. तेव्हा मोजे पँटवर ओढून घ्यायचे आणि मिठाची पुरचुंडी हाताशी ठेवायची.

गाडीचं तिकीट : इथे सर्वात जास्त गोंधळ होतो

दार्जिलिंग हिमालयन रेल्वेच्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक, न्यू जलपाईगुडीहून दार्जिलिंगला जाणारी पूर्ण अंतराची गाडी. ही डिझेलवर चालते, ८८ किलोमीटरला सात तासांहून जास्त घेते आणि पावसाळ्यात दरडींमुळे अनेकदा बंद राहते. दोन, दार्जिलिंग ते घूम आणि परत अशी सुमारे दोन तासांची 'जॉयराइड'. तुम्हाला ही दुसरी हवी आहे.

जॉयराइडच्याही दिवसभरात अनेक फेऱ्या असतात, काही वाफेच्या आणि काही डिझेलच्या. आयआरसीटीसीवर शोधताना 'पासून'मध्ये दार्जिलिंगचा कोड डीजे आणि 'पर्यंत'मध्ये डीजेआरझेड टाका. दुसऱ्या रकान्यात घूम टाकलंत तर जॉयराइड दिसत नाही आणि लोक समजतात की सगळ्या फेऱ्या भरल्या. यादी आली की भाडं पाहा. वाफेच्या फेरीचं भाडं डिझेलपेक्षा ठळकपणे जास्त असतं, साधारण दीडपट. घाईघाईत स्वस्त दिसलं म्हणून डिझेल घेतलं आणि स्टेशनवर जाऊन हिरमुसले, असं नेहमी घडतं. सुट्ट्यांच्या हंगामात वाफेच्या जागा लवकर संपतात, म्हणून विमानाच्या आधी ही तारीख पाहा आणि बुकिंग उघडताच तिकीट काढा.

सकाळची जी पहिली वाफेची फेरी असेल ती घ्या. नऊ-दहानंतर कांचनजंगेवर ढग चढू लागतात आणि दुपारच्या फेरीत वाटेतल्या बतासिया थांब्यावर धुक्याखेरीज काही दिसत नाही, असं वर्षातले कितीतरी दिवस असतं. वाफेची इंजिनं शंभरीच्या आसपासची आहेत. एखादं ऐन वेळी आजारी पडतं आणि फेरी रद्द होते. तसं झालंच तर त्याच दिवशी दुपारी पर्याय राहावा, म्हणून शुक्रवारी दुसरा कुठलाही पक्का कार्यक्रम ठेवू नका.

गाडीत काय पाहायचं

अर्धा-पाऊण तास आधी स्टेशनवर जा. रस्त्याच्या पलीकडेच इंजिनांची शेड आहे. तिथे इंजिन तयार होताना पाहणं हा निम्मा आनंद आहे. ही 'बी' वर्गाची इंजिनं. पहिलं १८८९ साली बनलं, शेवटची १९२० च्या दशकात. चारच चाकं आणि चारही चाकांना जोर. पाण्याची टाकी बॉयलरवर खोगिरासारखी बसवलेली. इंजिनांना नावंही आहेत, ८०५ क्रमांकाचं 'आयर्न शेर्पा' त्यातलं एक. रुळांची रुंदी दोन फूट, म्हणजे आपल्या माथेरानच्या गाडीइतकीच. म्हणूनच इथलं ७९४ क्रमांकाचं इंजिन पुढे नेरळला नेता आलं.

आता इंजिनावरच्या माणसांकडे नीट बघा. ड्रायव्हर आणि फायरमन आत असतात. वर कोळशाच्या ढिगात एक जण बसलेला असतो, तो मोठी ढेकळं हातोडीने फोडून फायरमनकडे सरकवतो. आणि अगदी समोर, बफरपाशी, दोघं जण दोन बाजूंना बसलेले असतात. त्यांचं काम रुळावर वाळू टाकण्याचं. या मार्गाला मधला दातेरी रूळ नाही, चाक आणि रूळ यांच्या घर्षणावरच सगळा चढ चढायचा. धुक्याने रूळ ओले झाले की चाकं जागच्या जागी फिरतात, इंजिनाचा आवाज एकदम भडभडून वाढतो आणि गाडी मात्र हलत नाही. तेवढ्यात पुढचा माणूस मुठीने चिमूट-चिमूट वाळू सोडतो, चाक धरतं आणि तोच भक्-भक् ठेका पुन्हा लागतो. मोबाईल खाली ठेवून हा आवाज ऐकावा असा आहे. दार्जिलिंगहून घूमकडे जाताना जवळपास दोनशे मीटरचा चढ आहे, म्हणून इंजिनाची खरी मेहनत जाताना ऐकू येते. येताना उतार असतो, तेव्हा निवांत बसून बाहेर बघा.

गाडी रस्त्याला इतकी खेटून जाते की दुकानातल्या फळीवरचा माल हाताला लागेल. म्हणूनच हात, डोकं, मोबाईल खिडकीबाहेर काढायचा नाही. इथे ही सूचना भिंतीवरची सजावट नाही, खांब खरंच वीतभर अंतरावर येतात. इंजिनालगतच्या डब्यात आवाज छान येतो, पण काजळीचे कणही येतात. पांढरे कपडे नकोत, साधा चष्मा किंवा गॉगल असू द्या. डोळ्यात कण गेला तर चोळू नका, पाण्याने धुवा.

वाटेत बतासिया लूपला गाडी साधारण दहा मिनिटं थांबते. चढ फार तीव्र होऊ नये म्हणून रूळ इथे गोल फिरवून स्वतःवरूनच पुढे नेला आहे. मधोमध गोरखा सैनिकांचं युद्धस्मारक आहे आणि हवा मोकळी असेल तर मागे कांचनजंगा. दहा मिनिटं म्हणजे दहाच. शिट्टी झाली की गाडी सुटते, चहाच्या टपरीकडे जाऊ नका. घूमला थांबा जास्त असतो. तिथलं छोटं संग्रहालय पाहून होतं, त्याचा प्रवेश तिकिटातच धरलेला असतो. पण त्यातली पाच मिनिटं फलाटासाठी राखून ठेवा, कारण इंजिन सुटून दुसऱ्या टोकाला येऊन जोडलं जातं ते इथेच जवळून पाहायला मिळतं. १८८१ साली हा मार्ग दार्जिलिंगपर्यंत पूर्ण झाला आणि १९९९ मध्ये युनेस्कोने त्याला जागतिक वारशाचा दर्जा दिला. घूम हे भारतातलं सर्वात उंचावरचं रेल्वे स्टेशन आहे.

शुक्रवारची उरलेली दुपार पाय मोकळे करण्यात घालवा, पण चढ-उताराची पायपीट नको. भरपूर पाणी प्या, दारू टाळा, रात्री नऊला झोपा. एटीएममधून पैसे आजच काढा. उद्या वरती यूपीआयवर विसंबता येणार नाही. शंभराच्या आणि त्याहून लहान नोटा जास्त असू द्या.

गाईड : सक्ती आहे आणि ती असायलाच हवी

सिंगालीलात गाईडशिवाय जाता येत नाही. चाल जिथून सुरू होते त्या मानेभंज्यांग गावात गाईड संघटनेचं कार्यालय आहे, तिथे नोंदणी करून गाईड मिळतो. हंगामात आधी फोन करून किंवा दार्जिलिंगच्या हॉटेलमार्फत सांगून ठेवलेलं बरं. दिवसाचे दर ठरलेले असतात, कार्यालयातच विचारा आणि पावती घ्या. वन खात्याचं प्रवेश तिकीट वेगळं, कॅमेऱ्याची आकारणीही वेगळी. गाईडचं राहणं-जेवण दरात धरलंय की वेगळं, हे निघण्याआधीच स्पष्ट बोलून घ्या. शेवटच्या दिवशीच्या बहुतेक कुरबुरी यावरूनच होतात.

आपल्याकडे वाटाड्या म्हणजे वाट चुकू नये म्हणून घेतलेला माणूस, अशी समजूत असते. इथे गाडीरस्ताही वर जातो, त्यामुळे काहींना वाटतं की गाईडचे पैसे वाया गेले. तसं नाही. ही वाट भारत-नेपाळ सीमेवरून जाते, कधी या बाजूला, कधी त्या बाजूला. धुकं पडलं की वीस पावलांवरचं दिसत नाही आणि पायवाटा चहूकडे फुटतात. सशस्त्र सीमा बलाच्या चौकीवर काय सांगायचं, कुठल्या लॉजमध्ये आज जागा आहे, कोणाचं डोकं दुखतंय ते थकव्याने की उंचीमुळे, हे सगळं त्याला कळतं. आणि सर्वात मोलाचं म्हणजे तो तुमची चाल धरून ठेवतो.

गाईडला पहिल्या दहा मिनिटांत या गोष्टी सांगा : कोणाला दमा, मधुमेह, रक्तदाब, गुडघ्याचा त्रास आहे, कोण कुठली गोळी घेतं, कोण पहिल्यांदाच चालतंय आणि कोणाला काय खायला चालत नाही. वयाने मोठ्या गाईडला 'दाजू' म्हणा, लहान असेल तर 'भाई', लॉजवरच्या बाईंना 'दिदी'. नेपाळीही देवनागरीतच लिहितात, त्यामुळे वाटेवरच्या पाट्या मराठी माणसाला वाचता येतात. चार शब्द पाठ ठेवा : 'तातो पानी' म्हणजे गरम पाणी, 'पुग्यो' म्हणजे पुरे झालं, 'धन्यवाद' आपलाच, आणि दिवसभर कानावर पडेल तो 'बिस्तारै', म्हणजे सावकाश.

ओळखपत्र म्हणून मतदार कार्ड किंवा पासपोर्ट मूळ प्रत आणि दोन झेरॉक्स. फक्त आधारवर जाऊ नका, नेपाळच्या हद्दीसाठी मोठ्या माणसांना ते अधिकृत धरलं जात नाही. परदेशी नागरिकत्व घेतलेले मराठी लोक सोबत असतील तर मुक्काम तुमलिंगऐवजी भारताच्या हद्दीतल्या तोंगलूला ठेवा. दोन्ही ठिकाणांत दोनच किलोमीटरचं अंतर आहे आणि व्हिसाचा प्रश्नच उरत नाही.

पाठीवर काय

पाण्यासकट सात किलोंच्या आत. जास्तीचं सामान दार्जिलिंगच्या हॉटेलात ठेवा. पोर्टर घेणार असाल तर एका माणसावर बारा किलोंहून जास्त लादू नका.

कपड्यांच्या बाबतीत सह्याद्रीची सवय इथे नडते. आपण सुती टी-शर्ट घालून घाम गाळत चढतो, वर वारा लागला की बरं वाटतं. इथे पहिल्याच चढाला टी-शर्ट भिजतो आणि दोन तासांनी वाटेवरच्या मेघमा गावाच्या धुक्यात तोच ओला कपडा पाठीला बर्फासारखा चिकटतो. दाताला दात वाजायला लागतात, भूक मरते, माणूस चिडचिडा होतो आणि सगळे समजतात की उंची लागली. म्हणून अंगालगत लवकर वाळणारा सिंथेटिक टी-शर्ट, त्यावर फ्लीस, त्यावर वारा-पाऊस अडवणारं जाकीट. जाड पफर जाकीट फक्त मुक्कामासाठी, चालताना नाही. नियम एकच लक्षात ठेवा : निघताना किंचित थंडी वाजली पाहिजे. मानेभंज्यांगला ऊबदार वाटत असेल तर तुम्ही एक थर जास्त घातलाय.

बाकी यादी : कोरडा टी-शर्ट एक, मोजे तीन जोड (त्यातला एक फक्त झोपताना), कानटोपी, हातमोजे, दोन लिटर पाण्याच्या बाटल्या, त्यातली एक गरम पाणी चालेल अशी स्टीलची, हेडटॉर्च, ओआरएसची चार पाकिटं, पॅरासिटामॉल, उलटीची गोळी, चिकटपट्टी, सनस्क्रीन, ओठांना लावायचं काही, टॉयलेट पेपर आणि कचरा परत आणायला एक मजबूत पिशवी. कपडे आतून प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधा, धुकंही भिजवतं. बूट नवे नकोत. किमान दोन आठवडे रोज घालून रुळवलेले हवेत. खाऊ म्हणून राजगिऱ्याचे लाडू, चिक्की, खजूर उत्तम. भडंग-चिवडा तहान वाढवतो आणि इथे तहान आधीच कळत नाही.

पहिला दिवस : मानेभंज्यांग ते तुमलिंग, १३ किलोमीटर

दार्जिलिंगहून सकाळी साडेसहाला निघा. चौकबाजारच्या स्टँडवरून शेअर जीप मिळते, चार-पाच जण असाल तर आख्खी गाडी ठरवणं सोपं. घूम, लेप्चाजगत, सुखियापोखरी करत दीड तासात मानेभंज्यांग येतं. नाश्ता, नोंदणी, गाईडशी बोलणं यात तास जातो. नऊच्या आत पहिलं पाऊल पडलंच पाहिजे.

का, ते नीट समजून घ्या. मुंबईपेक्षा दार्जिलिंग सुमारे पंधरा रेखांश पूर्वेला आहे, घड्याळ मात्र एकच. म्हणजे सूर्य इथे तासभर आधी उगवतो आणि तासभर आधीच मावळतो. नोव्हेंबरात पावणेपाचला सूर्य बुडतो आणि सव्वापाचला अंधार. महाराष्ट्रातल्या सहाच्या संध्याकाळचा हिशेब डोक्यात ठेवून चालणारे इथे हमखास अंधारात सापडतात. तीन वाजता मुक्काम, हे लक्ष्य ठेवा.

मानेभंज्यांग ते चित्रे हा अडीच-तीन किलोमीटरचा पट्टा सगळ्या चालीतला सर्वात खडा आहे आणि तोच सर्वात आधी येतो. बहुतेकांची इथेच फसगत होते. ताज्या पायांनी, गप्पांच्या भरात अर्ध्या-पाऊण तासात चित्रे गाठतात आणि पुढचे दहा किलोमीटर त्याची किंमत मोजत राहतात. याला सव्वा ते दीड तास द्या. सर्वात हळू चालणारा गाईडच्या लगेच मागे आणि बाकीचे त्याच्या मागे. कसोटी सोपी आहे : चालता चालता पूर्ण वाक्य न अडखळता बोलता आलं पाहिजे. नाही आलं तर वेग कमी करा. थांबून धापा टाकायच्या आणि पुन्हा पळायचं, यापेक्षा न थांबता संथ चालणं नेहमीच कमी दमवतं. उभ्या उभ्या एक मिनिटाची विश्रांती ठीक, बसू नका. बसलात की अंग थंड पडतं.

चित्रेला गोंपा, म्हणजे बौद्ध मठ आहे, चहा आहे. इथे पहिलं खरं खाणं करा. पुढे लामेधुरापर्यंत चढ सौम्य होतो. वाटेत गाडीरस्ता आणि जुन्या पायवाटा एकमेकींना छेदत राहतात. गाईड सांगेल तिथेच पायवाट घ्या, कारण काही शॉर्टकट अंतर वाचवतात पण गुडघे खातात. अधूनमधून एखादी जुनी लँड रोव्हर खडखडत वर जाताना दिसेल. पन्नासच्या दशकातल्या गाड्या आहेत या, याच रांगेतल्या संदकफू शिखरापर्यंतचा ३१ किलोमीटरचा दगडधोंड्यांचा रस्ता त्यांनीच वर्षानुवर्षं सांभाळला. गाडी आली की डोंगराच्या बाजूला सरका, दरीच्या बाजूला कधीच नाही.

मेघमा हे नावाप्रमाणे ढगांचं गाव. दुपारी इथे धुकं असणारच असं धरून चाला आणि पोचण्याच्या आधीच जाकीट चढवा. सीमा बलाच्या चौकीत ओळखपत्र दाखवून नोंद करायची. चौकीचे, जवानांचे फोटो काढू नका. इथून वाट फुटते : उजवीकडे तोंगलू, डावीकडे नेपाळच्या हद्दीतून गुरासे करत तुमलिंग. डावीकडची वाट तुलनेने सोपी आहे आणि तासा-दीड तासात मुक्कामाला पोचवते.

पोचल्यावरचा पहिला अर्धा तास फार महत्त्वाचा आहे आणि त्यावर कोणी बोलत नाही. बूट काढून पलंगावर आडवं व्हायची इच्छा होते. होऊ नका. आधी ओला टी-शर्ट आणि मोजे बदला, टोपी घाला, 'तातो पानी' मागवून दोन पेले प्या, काहीतरी गरम खा, थुकपा (नूडल्स घातलेलं सूप) किंवा नूडल्स. मग दहा-पंधरा मिनिटं सावकाश बाहेर फिरा. जे लगेच झोपतात त्यांचंच डोकं संध्याकाळी जास्त दुखतं, कारण झोपेत श्वास उथळ होतो. जेवण साडेसहा-सातला असतं, डाळ-भात, भाजी, लोणचं. संख्या आणि शाकाहारी-मांसाहारी पोचल्या पोचल्या सांगा. सगळं खालून गाडीने येतं, त्यामुळे ताटात टाकू नका. वीज बेभरवशाची असते. मोबाईल आणि पॉवर बँक रजईत घेऊन झोपा, थंडीने बॅटरी रात्रीतून उतरते. स्टीलच्या बाटलीत गरम पाणी भरून मोज्यात घालून पायाशी ठेवा, हा उपाय कुठल्याही जाड स्वेटरपेक्षा भारी आहे.

डोकं दुखलं तर

या उंचीवर हलकी डोकेदुखी, भूक कमी, झोप तुटक, हे बऱ्याच जणांना होतं. पाणी, गरम सूप, गरज पडली तर पॅरासिटामॉल आणि विश्रांती. पण डोकेदुखीसोबत उलट्या होत असतील, चालताना तोल जात असेल, बसल्या जागी धाप लागत असेल किंवा माणूस असंबद्ध बोलत असेल, तर सकाळची वाट पाहायची नाही. त्याला खाली न्यायचं. तुमलिंगपर्यंत गाडी येते, हा या वाटेचा मोठा आधार आहे. गाईड रात्रीसुद्धा गाडीची सोय करू शकतो. लपवू नका आणि मंडळींचा विरस होईल म्हणून थांबू नका. उंचीच्या त्रासावरची डायमॉक्ससारखी गोळी घ्यायची असेल तर निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारूनच. सल्फाची ॲलर्जी असलेल्यांना ती त्रास देऊ शकते.

दुसरा दिवस : तोंगलूमार्गे धोत्रे

पावणेपाचला उठा. अंगावर असेल-नसेल ते सगळं घालून बाहेर या. खाली दऱ्या अजून काळ्या असतात आणि उत्तरेला एका टोकावर, ८,५८६ मीटरच्या कांचनजंगेवर, आधी तांबूस ठिपका उमटतो. मग तो रंग हळूहळू खाली उतरत शेजारच्या शिखरांवर जातो. पूर्ण रांग उजळली की इथले लोक तिला निजलेला बुद्ध का म्हणतात ते दिसतं : डावीकडे कुंभकर्ण शिखर हे डोकं, मध्ये कांचनजंगा म्हणजे पोट, उजवीकडे पंडिम म्हणजे पाय. रंगांचा खेळ वीसेक मिनिटांत आटोपतो. फोटो पहिल्या पाच मिनिटांत काढून घ्या, उरलेला वेळ नुसतं बघा.

आठला निघा. तोंगलू दोन किलोमीटरवर, थोड्या चढावर आहे. तिथून मानेभंज्यांगला परत जाण्याऐवजी धोत्रेकडे उतरा, ही आमची ठाम शिफारस. कालचा रस्ता उतरताना टणक आणि खडा असल्याने गुडघ्यांना सतत दणके बसतात. धोत्रेची वाट सहा किलोमीटरच्या आसपास, जवळपास सगळी जंगलातून, पायाखाली माती आणि पालापाचोळा. शेवाळाने मढलेली झाडं, गुरास, मालिंगो नावाच्या बुटक्या बांबूच्या जाळ्या. हा बांबू लाल पांडाचं मुख्य खाणं. पांडा दिसेलच असं नाही, पण दिसायचा असेल तर शांत चालणाऱ्यांनाच. स्पीकर पिशवीतच राहू द्या.

उतारावर बुटांच्या नाड्या घोट्यापाशी घट्ट आवळा, नाहीतर बोटं पुढे आदळून नखं काळी पडतात. पावलं लहान टाका, गुडघा किंचित वाकलेला ठेवा. ओल्या मुळांवर पाय देऊ नका, त्यांच्या अलीकडे किंवा पलीकडे द्या. घसरून पडणारे बहुतेक याच मुळांवरून घसरतात.

बारापर्यंत धोत्रे येतं. दुपारनंतर इथे शेअर जीप मिळेलच असं नाही, म्हणून गाडी आदल्या दिवशीच मानेभंज्यांगहून ठरवून ठेवा आणि गाडीचा नंबर गाईडकडे असू द्या. परतीचा रस्ता मानेभंज्यांगवरूनच जातो, तिथे गाईडला सोडता येतं. त्याचा हिशेब तिथेच चुकता करा आणि बक्षिसी सगळ्यांनी मिळून एका हाताने द्या. छुर्पी, म्हणजे याक-चौरीच्या दुधाचं वाळवलेलं चीज, घ्यायचं असेल तर तिथेच घ्या. कडक छुर्पी चावायची नसते, गालात धरून तासभर चघळायची असते.

सोमवार

दार्जिलिंग ते बागडोगरा अंतर सत्तर किलोमीटरच, पण घूम आणि कर्सियांगला वाहनं तासन् तास अडकतात. विमानाच्या वेळेआधी सहा तास निघा. रोहिणीच्या रस्त्याला वळणं फार, गाडी लागणाऱ्यांनी उलटीची गोळी निघण्याआधी अर्धा तास घ्यावी आणि पुढच्या सीटवर बसावं.